जपानमधल्या परीक्षा, ऑफिस आणि करोशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी जपानी भाषा शिकवते. त्याआधी सहा वर्षं ओसाकाजवळच्या एका कारखान्यात दुभाषी होते. एन-फोर, एन-थ्रीची (जपानी भाषेच्या परीक्षेच्या पातळ्या) तयारी करणारी मुलं, तिकडची ऑफर हातात असलेले इंजिनिअर आणि त्यांचे आईवडील मला जे विचारतात, त्यातलं पुन्हा पुन्हा येणारं इथे एकत्र केलंय. शाळेचे आणि ऑफिसचे प्रश्न मुद्दाम एकाच पानावर ठेवले आहेत. जपानमध्ये चांगल्या नोकरीचं दार बहुतेकांसाठी एकदाच नीट उघडतं, पदवी संपता संपता. त्याआधीची धडपड त्या दारापर्यंत पोचण्याची असते आणि नंतरची आत टिकून राहण्याची. हे ध्यानात घेतलं की खालची बरीच उत्तरं आपोआप उलगडतात.

जपानी लोक जगात सगळ्यात जास्त काम करतात, हे खरं का?

सरासरी पाहिली तर नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत जपानी कामगाराचे वर्षाला साधारण १,६०० तास भरतात, अमेरिकन कामगाराचे त्याहून जास्त, १,८०० च्या आसपास. हे आकडे दाखवून 'बघा, सगळ्या कहाण्याच होत्या' असं सांगणारे लेख मी वाचलेत, आणि ते मला पटत नाहीत. या सरासरीत अर्धवेळ काम करणारेही धरलेले असतात. जपानमध्ये जवळजवळ ३७ टक्के नोकरदार कायमस्वरूपी नोकरीत नाहीत, त्यातल्या कितीतरी बायका रोज चार-पाच तास काम करणाऱ्या. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर दुपारपर्यंत उभी राहणारी बाई आणि रात्री अकराला ऑफिसातून निघणारा तिचा नवरा यांची सरासरी काढली तर दोघांचंही बरं चाललंय असं दिसतं.

शिवाय कुठेच न नोंदलेले तास वेगळे. हजेरीचं कार्ड पंच करायचं आणि परत टेबलाशी येऊन बसायचं. याला 'साबिसू झांग्यो' म्हणतात, म्हणजे कंपनीला फुकट दिलेला ओव्हरटाइम. तो बेकायदा आहे. तरीही त्याला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, इतका तो सर्रास चालत आला.

करोशी म्हणजे नेमकं काय? थकून मरणं?

तीन कांजी (चिनी वळणाची अक्षरं) आहेत: अति, श्रम, मृत्यू. पण हा शब्द बोलण्यातली अतिशयोक्ती नाही. त्यामागे वैद्यकीय आणि कायदेशीर व्याख्या आहे. अतिकामामुळे मेंदूचा झटका किंवा हृदयविकार येऊन आलेला मृत्यू आणि कामाच्या ताणातून झालेली आत्महत्या, दोन्ही त्यात येतात.

सुरुवात म्हणून १९६९ चं उदाहरण दिलं जातं. एका मोठ्या वृत्तपत्राच्या अंक रवाना करणाऱ्या विभागातला २९ वर्षांचा कर्मचारी मेंदूच्या झटक्याने गेला. तो मृत्यू कामामुळे झाला हे मान्य व्हायला पुढे पाच वर्षं लागली. १९७८ मध्ये डॉक्टर उएहाता तेत्सुनोजो यांनी अशा रुग्णांचा अभ्यास मांडला तेव्हा 'करोशी' हा शब्द आला. १९८८ मध्ये वकिलांनी 'करोशी ११०' नावाची फोनसेवा सुरू केली (११० हा तिथे पोलिसांचा नंबर). फोन करणाऱ्यांत मोठा भाग बायकांचा होता, नवरा गेलेल्यांचा.

त्या बायकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. नवऱ्याने किती तास काम केलं हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर यायची आणि कागद सगळे कंपनीकडे. मग रेल्वेचे पास, टॅक्सीच्या पावत्या, खिशातल्या डायऱ्या असं काहीबाही गोळा करून त्या कामगार कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या. आज नुकसानभरपाईसाठी जी मोजपट्टी वापरतात, ती अशा दाव्यांच्या रेट्यातून आली: झटका येण्याआधीच्या महिन्यात १०० तास ओव्हरटाइम, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी ८० तास. याला 'करोशी रेषा' म्हणतात. ८० तासांचा हिशोब करून बघा. महिन्याला वीस कामाचे दिवस धरले तर रोज चार तास जास्त, म्हणजे सकाळी नऊला आलेला माणूस जेवणाची सुट्टी धरून रात्री दहाला बाहेर पडतो. मग घरी पोचायला दीड तास.

मृतांच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये करोशी रोखण्यासाठी वेगळा कायदा झाला. त्या कायद्यानुसार नोव्हेंबर हा जनजागृतीचा महिना असतो आणि सरकारला दरवर्षी श्वेतपत्रिका काढावी लागते.

देन्त्सू प्रकरण सगळीकडे वाचायला मिळतं. ते काय होतं?

देन्त्सू ही जपानमधली सगळ्यात मोठी जाहिरात कंपनी. तिथे एक नाही, दोन प्रकरणं घडली, आणि ती एकत्र वाचली पाहिजेत.

१९९१ मध्ये नोकरीला लागून दीड वर्षही न झालेल्या २४ वर्षांच्या तरुणाने आत्महत्या केली. आईवडील कोर्टात गेले. मार्च २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कर्मचारी शरीराने आणि मनाने खचणार नाही याची काळजी घेणं ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे. हा निकाल तिथल्या कामगार कायद्यातला मैलाचा दगड आहे.

मग २०१५ चा नाताळ. त्याच कंपनीत त्याच वर्षी लागलेली, तोक्यो विद्यापीठातून शिकलेली, पुन्हा २४ वर्षांचीच मुलगी. थकव्याबद्दल आणि वरिष्ठांच्या बोलण्याबद्दल ती सोशल मीडियावर लिहीत होती. तिच्या आईने मुलीचं नाव आणि फोटो जगासमोर ठेवायचं ठरवलं आणि सगळा देश हलला. अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. २०१७ मध्ये कोर्टाने कंपनीला दंड केला: ५ लाख येन. कायद्यात बसतो तेवढाच दंड. आपल्या पैशांत तीन लाखांच्या आसपास.

या कंपनीत १९५१ पासून कामाचे दहा नियम सांगितले जात. त्यातल्या एकाचा आशय असा, की काम हातात धरलं की जीव गेला तरी सोडू नये. २०१७ मध्ये ते नियम कर्मचाऱ्यांच्या पुस्तिकेतून काढले. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं थोडा वेळ काही बोलत नाहीत.

पण ओव्हरटाइमवर कायद्याचं बंधन नव्हतं का?

होतं आणि नव्हतं. १९४७ च्या कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. पण त्याच कायद्याच्या ३६ व्या कलमात कंपनी आणि कामगार प्रतिनिधी यांनी करार केला तर जादा काम चालतं. या कराराला 'साबुरोकू' म्हणतात, म्हणजे नुसतं 'छत्तीस'. विशेष कलम घातलं की वरची मर्यादा जवळजवळ उरायचीच नाही.

२०१८ मध्ये कायदा बदलला. मोठ्या कंपन्यांना तो एप्रिल २०१९ पासून लागू झाला, लहान-मध्यम कंपन्यांना एका वर्षाने. आता एरवी महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास. विशेष परिस्थितीत वर्षाला ७२० पर्यंत, पण कुठल्याही महिन्यात १०० च्या आतच. मोडलं तर शिक्षा आहे. ट्रकचालक, बांधकाम आणि डॉक्टर यांना एप्रिल २०२४ पर्यंत सूट होती. चालकांना आता वर्षाला ९६० तासांची मर्यादा आहे. काही रुग्णालयांतल्या डॉक्टरांना मात्र १,८६० तासांपर्यंत मुभा ठेवली आहे. करोशी रेषेच्या जवळजवळ दुप्पट. रुग्णाच्या जिवासाठी डॉक्टरचा जीव पणाला लावायचा, हे मला कोणत्याच युक्तिवादाने पटलेलं नाही.

काम संपलं तरी माणसं घरी का जात नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि 'त्यांची संस्कृतीच तशी' हे उत्तर मी मान्य करत नाही.

कायम नोकरी लागते तेव्हा जपानी माणसाला बहुतेक वेळा ठरावीक काम मिळत नाही, कंपनीचं सदस्यत्व मिळतं. आज विक्री विभाग, तीन वर्षांनी हिशोब, पाच वर्षांनी दुसऱ्या शहरात बदली. बायकामुलं तोक्योत आणि बाप फुकुओकात एकटा, याला 'तान्शिन फुनिन' असा शब्दच आहे. 'हे माझं काम' अशी रेघ कुठे ओढलेली नसल्याने 'माझं काम संपलं' असंही कुणाला म्हणता येत नाही. टेबलं एकमेकांना जोडून मांडलेली असतात आणि टोकाला साहेब बसतो. शेजारच्याचं काम उरलंय हे दिसत असतं. उठताना म्हणायचं वाक्य आहे 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास': तुमच्या आधी निघतोय, माफ करा. दररोज, वेळेवर निघतानाही, माफी मागायची.

त्यावर 'कूकी ओ योमु', शब्दशः हवा वाचणं. कुणी काही न बोलता कुणाला काय हवंय ते ओळखायचं. ज्याला हे जमत नाही त्याच्याबद्दल मागे बोललं जातं. माझ्या कारखान्यात पहिल्या महिन्यात मी साडेपाचला पर्स उचलायची. कुणी अडवलं नाही. मग एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी चहा पिताना हलकेच सांगितलं, "निदान पावणेसहापर्यंत थांबत जा, साहेब खाली जाऊन येतात तोवर." त्यांनी मायेनेच सांगितलं होतं. पुढची सहा वर्षं मी ती पंधरा मिनिटं रोज दिली.

पटत नसेल तर नोकरी बदलत का नाहीत?

हळूहळू बदलायला लागले आहेत. पण अडथळा समजून घ्या. जपानी कंपन्या पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांची एकगठ्ठा भरती करतात. मुलं काळ्या सुटात, एकसारख्या बॅगा घेऊन वर्ष-दीड वर्ष मुलाखती देत फिरतात, त्याला 'शूकात्सु' म्हणतात. १ ऑक्टोबरला अधिकृत निवडपत्रं मिळतात आणि पुढच्या १ एप्रिलला देशभर एकाच दिवशी नव्या लोकांचे स्वागत समारंभ होतात. ही गाडी चुकली तर पुढची तितकी चांगली नसते.

याचा सगळ्यात क्रूर पुरावा म्हणजे 'हिमयुगाची पिढी'. १९९० च्या सुरुवातीला अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. साधारण १९९३ ते २००५ या काळात पदवीधर झालेल्यांना कंपन्यांनी घेतलंच नाही. त्यांची चूक एवढीच की ती चुकीच्या वर्षी जन्मली. त्यातली पुष्कळ माणसं कंत्राटी कामांत अडकली आणि मंदी सरल्यावरही कंपन्यांनी ताज्या पदवीधरांनाच घेतलं. ही माणसं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. घराबाहेर पडणं सोडून दिलेल्या 'हिकिकोमोरी' लोकांची संख्या १५ ते ६४ या वयात सुमारे १४ लाख ६० हजार असावी असा सरकारी अंदाज २०२३ मध्ये आला. हिकिकोमोरी म्हणजे आळशी पोरं असं समजणाऱ्यांनी या पिढीकडे बघावं. ऐंशीतले आईवडील आणि पन्नाशीतलं घरात बसलेलं मूल, यासाठी '८०५०' हा आकडाच शब्द झालाय.

आणि राजीनामा देऊन देणाऱ्या कंपन्या? त्या खऱ्या आहेत?

खऱ्या आहेत. तुमच्या वतीने फोन करून 'उद्यापासून हे येणार नाहीत' असं कळवतात आणि त्याचे पैसे घेतात. कायद्याने कायम कर्मचाऱ्याला दोन आठवडे आधी कळवून केव्हाही नोकरी सोडता येते. तरीही साहेबासमोर उभं राहून सांगण्याची अनेकांची हिंमत होत नाही, कारण समोरचा रागावतो, रडवतो, पत्र फाडून टाकतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात कामामुळे झालेल्या मानसिक आजारांचे १,०५५ दावे मान्य झाले. हा आकडा पहिल्यांदाच हजारावर गेला, आणि कारणांत सगळ्यात वर होता वरिष्ठांकडून होणारा छळ.

याचा शाळेशी काय संबंध?

मोठ्या कंपन्या मुलगा काय शिकला यापेक्षा कुठे शिकला हे बघत आल्या. काय करायचं ते कंपनीच शिकवणार, तेव्हा शिकण्याची कुवत आणि चिकाटी यांचा पुरावा म्हणून विद्यापीठाचं नाव पुरे. त्यामुळे चांगली नोकरी म्हणजे नावाजलेलं विद्यापीठ, त्यासाठी नावाजलेलं हायस्कूल, आणि तोक्योसारख्या शहरात त्यासाठी नावाजलेली खासगी माध्यमिक शाळा. धागा असा मागे मागे जात दहा वर्षांच्या पोरापर्यंत पोचतो.

'हेन्साची' हा शब्द सारखा येतो. तो काय आहे?

आपल्याकडे टक्के, तसं तिथे हेन्साची. पण टक्के तुमच्या पेपरवर ठरतात, हेन्साची इतरांच्या पेपरवरही ठरते. तुमच्या गुणांतून सगळ्यांची सरासरी वजा करायची, प्रमाण विचलनाने भागायचं, दहाने गुणायचं, त्यात पन्नास मिळवायचे. सरासरी मुलगा ५०. साठ म्हणजे साधारण वरच्या सोळा टक्क्यांत. सत्तर म्हणजे शंभरात पहिले दोन-तीन. प्रत्येक शाळेला, प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक विभागाला हेन्साची चिकटवलेली असते आणि सराव परीक्षेनंतर मुलाच्या हातात येतं ते या आकड्याचं कागदी पान.

सरकारने १९९३ मध्ये शाळांमधून खासगी कंपन्यांच्या चाचण्या हद्दपार केल्या. आकडा गेला नाही, शाळेतून उठून क्लासमध्ये जाऊन बसला.

परीक्षा कशा असतात?

जपानमध्ये सहा वर्षं प्राथमिक, तीन माध्यमिक, तीन हायस्कूल, चार विद्यापीठ. सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं. म्हणजे पंधराव्या वर्षी प्रत्येकाला हायस्कूलची प्रवेश परीक्षा असते, आणि जवळजवळ सगळीच मुलं ती देतात.

विद्यापीठासाठी १९७९ पासून देशभर एक सामाईक परीक्षा आहे. नाव दोनदा बदललं, आताचं रूप २०२१ चं. १३ जानेवारी किंवा त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आणि लगेचच्या रविवारी सुमारे पाच लाख मुलं ती देतात. ऐन थंडी. उत्तरेकडे बर्फामुळे गाड्या उशिरा धावतात, आणि दरवर्षी बातम्यांत बर्फ तुडवत जाणारी मुलं दिसतात. सरकारी विद्यापीठांची स्वतःची लेखी परीक्षा त्यानंतर २५ फेब्रुवारीपासून.

नापास झालेला, पुन्हा वर्षभर तयारी करणारा विद्यार्थी म्हणजे 'रोनिन'. मूळ अर्थ धनी नसलेला सामुराई. कुठल्याच संस्थेचा नसलेला माणूस तिथे किती एकटा पडतो, ते या शब्दात आहे. जुन्या काळी चार तास झोपेल तो पास, पाच तास झोपेल तो नापास अशी म्हणच होती.

घराघरांत मग श्रद्धाही आली. विद्येचा देव तेन्जिन, म्हणजे सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला विद्वान. राजकारणात त्याला दाझाइफूला धाडलं गेलं आणि तिथेच ९०३ मध्ये तो वारला. दाझाइफू, क्योतोचं कितानो, तोक्योचं युशिमा इथल्या त्याच्या देवळांत परीक्षेच्या दिवसांत लाकडी पाट्यांचे थर लागतात. प्रत्येक पाटीवर विद्यापीठाचं नाव आणि विनवणी. आदल्या रात्री आई कात्सुदोन (भातावर तळलेल्या मांसाचे काप) करते, कारण 'कात्सु' म्हणजे जिंकणं. घरात 'पडणं', 'घसरणं' हे शब्द टाळतात. निकाल तारेने यायचे तेव्हा मजकूर असायचा 'साकुरा (चेरी) फुलला' किंवा 'साकुरा गळाला'.

जुकू म्हणजे आपले क्लासच ना?

बरंचसं तसंच. संध्याकाळी शाळा सुटल्यावर जुकू. रोनिनांसाठी दिवसभराचे 'योबिको'. तोक्योतली खासगी माध्यमिक शाळांची परीक्षा १ फेब्रुवारीपासून सुरू होते. त्यासाठी मुलं चौथीच्या सुमारास जुकूत जायला लागतात. रात्री नऊनंतर लोकल ट्रेनमध्ये पाठीवर दप्तर घेऊन उभ्या उभ्या झोपणारी अकरा-बारा वर्षांची मुलं मी पाहिली आहेत. शेजारी तसाच उभ्याने झोपणारा सुटातला माणूस. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे दोघं एकाच रांगेत उभे आहेत.

एक फरक सांगते. मुलं घटल्यामुळे योबिकोंचा धंदा ओसरला. योयोगी सेमिनार या प्रसिद्ध संस्थेने २०१४ मध्ये २७ पैकी २० केंद्रं बंद करायचं जाहीर केलं. लहान मुलांचे जुकू मात्र चालू आहेत.

म्हणजे जपानी शाळा वाईट?

मुळीच नाही. प्राथमिक शाळा मला आपल्यापेक्षा चांगली वाटते. मुलं वर्ग झाडतात, एकमेकांना जेवण वाढतात, चालत शाळेत जातात. २०२२ च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत विज्ञानात जपान जगात दुसरा, वाचनात तिसरा, गणितात पाचवा होता. अडचण शिकवण्यात नाही, निवडण्यात आहे.

ताण कमी करायचा प्रयत्न झाला नाही का?

झाला, आणि मोठा झाला. 'युतोरी' म्हणजे मोकळीक. २००२ पासून अभ्यासक्रम सुमारे तीस टक्क्यांनी कमी केला, शनिवारची शाळा बंद केली. पण २००३ च्या पिसा चाचणीत क्रमांक घसरल्यावर आरडाओरडा झाला आणि २०११ पासून तास पुन्हा वाढले. दुःख याचं, की त्या वर्षांत शिकलेल्या मुलांना आजही 'युतोरी पिढी' म्हणून हिणवतात. धोरण मोठ्यांनी आखलं आणि शिक्का मुलांवर बसला. दाराची रुंदी तीच ठेवून फक्त दप्तर हलकं केलं, तर पालक जुकूचे पैसे भरणारच.

शाळेत न जाणाऱ्या मुलांबद्दल ऐकलं. किती आहेत?

आजारपण किंवा गरिबी वगळून इतर कारणांनी वर्षात ३० दिवस किंवा जास्त शाळा चुकवणाऱ्या मुलांना 'फुतोको' म्हणतात. २०२३-२४ मध्ये प्राथमिक आणि माध्यमिक मिळून अशी ३,४६,४८२ मुलं होती. छळ, घोळक्यात न मावणं, नियमांचा जाच, अनेकदा मुलालाही न सांगता येणारं काहीतरी. पूर्वी त्यांना ओढून शाळेत नेणं हाच उपाय मानला जायचा. डिसेंबर २०१६ मध्ये झालेल्या कायद्याने मान्य केलं की अशा मुलाला विश्रांतीची गरज असू शकते आणि शाळेबाहेरचं शिक्षणही शिक्षणच आहे.

१ सप्टेंबर ही तारीख पालकांनी लक्षात ठेवावी. उन्हाळ्याची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होतं, आणि अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्यावर मुलांच्या आत्महत्या त्या दिवशी सगळ्यात जास्त दिसल्या. २०१५ च्या ऑगस्टअखेरीस कामाकुरा शहराच्या ग्रंथालयाने ट्विटरवर लिहिलं, की शाळेत जाणं मरणाइतकं असह्य होत असेल तर आमच्याकडे या, मांगा (जपानी चित्रकथा) आहेत, दिवसभर बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही. नोटीस लिहावी तर अशी.

शिक्षकांचं काय?

तेही याच चरकात आहेत. ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत जपानचे माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करत होते, सहभागी देशांत सर्वात जास्त. संध्याकाळचे आणि सुट्टीच्या दिवसांचे क्रीडा-कला क्लबही त्यांच्याच गळ्यात. १९७१ च्या कायद्याने ओव्हरटाइमऐवजी पगाराच्या चार टक्के एवढीच भर मिळायची. २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर न्यायचं ठरलं. तासांचा भत्ता अजूनही नाही.

मुलींना याची झळ वेगळी बसते का?

हो. समान संधीचा कायदा १९८५ चा, पण रात्री दहापर्यंत थांबू शकणारा माणूस हाच 'आदर्श कर्मचारी' राहिला, आणि त्याच्या घरी कुणीतरी मुलं सांभाळणारं असतं हे गृहीत. २०१८ मध्ये उघड झालं की तोक्योतलं एक वैद्यकीय विद्यापीठ प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षं कमी करत होतं. पुढे बाळंतपणात काम सोडतील म्हणून! रात्र रात्र जागून अभ्यास केलेल्या त्या मुलींचं वर्ष कोण परत देणार?

आता काही बदलतंय का?

बदलतंय, आणि मुख्य कारण माणसांची टंचाई. १९९२ मध्ये १८ वर्षांची मुलं २० लाखांवर होती, आज जेमतेम ११ लाख. निम्म्याहून जास्त खासगी विद्यापीठांच्या जागा भरत नाहीत. शिफारस आणि मुलाखतीने प्रवेश घेणारी मुलं लेखी परीक्षेवाल्यांपेक्षा जास्त झाली आहेत. कंपन्यांना वर्षाला किमान पाच दिवस पगारी रजा कर्मचाऱ्याला घ्यायला लावावीच लागते. बापाने बाळासाठी रजा घेण्याचं प्रमाण २०२४-२५ मध्ये ४० टक्क्यांवर गेलं. याउलट महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तीनला सुट्टी देणारा २०१७ चा 'प्रीमियम फ्रायडे' कुणाच्या लक्षातही राहिला नाही. महिनाअखेरीला कामाचा ढीग असतो, हे कुणीही सांगितलं असतं.

मी नोकरीसाठी जातोय. सही करण्याआधी काय बघू?

'रोदो जोकेन त्सूचिशो' हा कामाच्या अटींचा कागद मागा. तो देणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्यात 'कोतेइ झांग्यो' किंवा 'मिनाशी झांग्यो' शब्द शोधा. म्हणजे ठरावीक तासांचा ओव्हरटाइम पगारातच धरलाय. समजा त्यात ४५ तास धरले असतील, तर मोठा दिसणारा पगार तेवढा मोठा नाही. त्या तासांच्या वरचे पैसे मात्र वेगळे मिळालेच पाहिजेत.

रोज आल्या-गेल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. मशीनमधली नोंद कंपनीची असते, वही तुमची. तक्रारीसाठी 'रोदो किजुन कांतोकुशो' हे सरकारी कार्यालय प्रत्येक भागात आहे, आणि परदेशी कामगारांसाठी इंग्रजीसह बऱ्याच भाषांत फोनवर सल्ला मिळतो. झोप उडाली, जेवण जाईना, सकाळी स्टेशनवर पाय उचलेना, तर व्हिसाची काळजी नंतर करा, डॉक्टरकडे आधी जा. आणि घरी फोन करून खरं सांगा. 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसलेली आपली मुलं मी पाहिली आहेत.

मुलांना जपानी शाळेत घालावं का?

लहान असतील तर जरूर. सरकारी शाळेत परदेशी मुलांनाही फी नाही. प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात, आणि सातव्या वर्षी आलेलं मूल त्या हळूहळू शिकून जातं. बारा-तेराव्या वर्षी नेलेल्या मुलाचा मात्र नीट विचार करा. तीन वर्षांत हायस्कूलची परीक्षा, तीही जपानीतून. तोक्योत निशिकासाइ भागात बरीच भारतीय कुटुंबं राहतात, त्यांच्याशी आधी बोला. त्याच एदोगावा विभागातून २०१९ मध्ये नगरसभेवर निवडून आलेले मराठी गृहस्थ योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे प्राचार्य झाले. आपला माणूस त्या व्यवस्थेच्या आत जाऊन बसला, याचा मला फार आनंद झाला.

थकलेल्या जपानी सहकाऱ्याला काय म्हणावं? 'गाम्बात्ते'?

'गाम्बात्ते' म्हणजे जोर लावा, नेटाने करा. परीक्षेला निघालेल्या मुलाला, शर्यतीत धावणाऱ्याला म्हणा. पण जो आधीच गळ्यापर्यंत बुडालाय त्याला ते म्हणू नये, असं आता तिथले डॉक्टरही सांगतात. 'मुरी शिनाइदे कुदासाइ' म्हणा: झेपत नाही ते करू नका. कारखाना सोडताना त्या पावणेसहावाल्या बाईंना मी तेच म्हटलं. त्या हसल्या, घड्याळाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी माझ्याबरोबर साडेपाचला निघाल्या.